रात्रीची वीज टिपायची तर: मराठवाड्यातला वळीव आणि परतीचा पाऊस

विजेचा फोटो कॅमेऱ्यापेक्षा उभं राहायच्या जागेवर जास्त ठरतो. ढग आपल्यापासून १५ ते ३० किलोमीटरवर हवा, आपण त्याच्या बाजूला हवं, मध्ये पावसाचा पडदा नको आणि पाठीशी निघून जायला डांबरी रस्ता हवा. एवढं जमलं की जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्सही पुरते. हे जमलं नाही तर सेटिंग कितीही पाठ असोत, कार्डात नुसते पांढरे धब्बे येतात. म्हणून आमची सगळी मेहनत दुपारपासून त्या जागेसाठी चालते, आणि कॅमेरा पिशवीतून निघतो तो शेवटी.

मराठवाड्यात विजांचे हंगाम दोन. एक मार्चपासून मृग निघेपर्यंत, दुसरा हस्त-चित्राच्या आसपासचा, परतीच्या पावसाचा. मधल्या जुलै-ऑगस्टात आभाळ दिवसदिवस झाकोळलेलं असतं, पण ढग उथळ आणि विजा तुरळक. त्या दिवसांत रात्री बाहेर पडण्यात अर्थ नसतो.

या दोन हंगामांतली वीज फोटोत सारखी येत नाही. फरक पडतो तो ढगाच्या तळाच्या उंचीमुळे. तापमानातून दवबिंदू (हवा ज्या तापमानाला गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा) वजा करायचा आणि उरलेल्या आकड्याला १२५ ने गुणायचं, म्हणजे तळाची उंची ढोबळमानाने मीटरमध्ये मिळते. मे महिन्यात दुपारी ४० अंश तापमान आणि १८ अंश दवबिंदू असेल तर तळ २,७५० मीटरवर. ऑक्टोबरात ३१ आणि २२ असतील तर जेमतेम ११०० मीटरवर. म्हणजे उन्हाळ्यातली वीज ढगाखाली अडीच-पावणेतीन किलोमीटर मोकळी दिसते, तिच्या फांद्या सुट्या दिसतात. ऑक्टोबरातली वीज आखूड असते आणि बहुतेक वेळा पावसाच्या धारांत गुरफटलेली. लांबलचक, फांदीफांदीची वीज हवी असेल तर वळवातच जावं. ऑक्टोबरात हवा धुतलेली असते, त्यामुळे अख्खा ढग आतून उजळलेला टिपायला तो हंगाम चांगला.

वळवातही मार्च-एप्रिलचं वादळ वेगळं आणि मेचं वेगळं. मार्च-एप्रिलमध्ये वरच्या थरातले पश्चिमेचे वारे अजून जोरात असतात. खालचा वारा एका दिशेचा आणि वरचा दुसऱ्या दिशेचा, वेगही वेगळा, अशा वेळी वर चढणारी हवा आणि खाली कोसळणारा पाऊस एकमेकांपासून अलग राहतात. ढग तासन्‌तास टिकतो आणि गारा तयार होतात. २०१४ च्या फेब्रुवारी अखेरीस आणि मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट याच ऋतूतली. मेमध्ये वरचे वारे मंदावलेले असतात. ढग उभा राहतो, कोसळतो आणि पाऊण-एक तासात संपतो. मात्र कोसळताना त्यातली थंड हवा जमिनीवर पसरते, पुढची गरम हवा वर ढकलते आणि १०-१५ किलोमीटरवर दुसरा ढग उभा राहतो. मेमध्ये समोर कडाडणाऱ्या ढगाकडे गाडी हाकण्यात काही हशील नसतं. आपण पोचेपर्यंत तो विरलेला असतो. त्याच्या कडेला नवा कोंब कुठे फुटतोय, तिकडे नजर हवी.

सकाळचं काम हवामान खात्याचं बुलेटिन वाचण्याचं. विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाच्या अंतर्भागाकडे जाणारी द्रोणीय रेषा किंवा वाऱ्यांची खंडितता असा उल्लेख दिसला की त्या दिवशी लक्ष ठेवायचं. या रेषेच्या आसपास दोन्ही बाजूंचे वारे एकत्र येतात आणि हवेला वर जावं लागतं. मग विंडीसारख्या हवामानाच्या ॲपवर दवबिंदू पाहायचा. दुपारी तो १० अंशांच्या खाली असेल तर ढग दिसले तरी बहुधा धूळ आणि कोरडा वारा एवढंच हाती लागतं, पाऊस हवेतच विरून जातो. १६-१८ च्या वर गेला की दिवस कामाचा. केपचा (हवेला वर उचलणाऱ्या ऊर्जेचा) आकडा १५०० च्या वर असेल तर चांगलंच, पण निव्वळ केप बघून निघणारे हमखास रिकाम्या हाताने परततात. दोन-तीन किलोमीटर उंचीवर उबदार हवेचा थर घट्ट बसला असेल तर खाली कितीही ऊर्जा असली तरी ती झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखी आतच धुमसत राहते. दुपारी दोन-अडीचला कापसाच्या गाठोड्यांसारखे नव्हे, तर फ्लॉवरसारखे कडक कडांचे ढग वाढताना दिसले तर झाकण उडतंय असं समजायचं.

दुपारनंतर उपग्रहाची चित्रं. इन्सॅटची चित्रं पंधरा ते तीस मिनिटांनी नवी येतात आणि त्यात ढगाचा गार माथा लगेच ओळखू येतो. रडारवर फार विसंबू नये. मराठवाड्याचा बराच भाग हैदराबाद, नागपूर आणि मुंबईच्या रडारपासून दूर पडतो. नांदेड हैदराबादच्या जवळ वाटतं, पण हवाई अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढ्या अंतरावर पृथ्वीच्या वक्रतेमुळे रडारचा सर्वांत खालचा किरणही जमिनीपासून पाच किलोमीटरच्या आसपास उंचीवरून जातो. ढगाचं वरचं अंग दिसतं, खाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि नव्याने उभा राहणारा बुटका ढग तर सुटूनच जातो. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचं दामिनी ॲप ठेवावं. गेल्या ५, १० आणि १५ मिनिटांत वीज कुठे पडली ते त्यात कळतं. आम्ही हे ठिपके दर दहा मिनिटांनी कागदावर उतरवतो. तीन वेळा उतरवले की ढग कुठल्या दिशेने आणि ताशी किती किलोमीटरने सरकतोय ते स्पष्ट होतं. बहुतेकदा वेग २० ते ४० च्या दरम्यान निघतो. मोबाईलला रेंज जाणार हे धरूनच चालावं. वादळात टॉवरची वीज गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्यावेत.

ढग तीन ते सहा किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यासोबत सरकतो. विंडीवर ७०० आणि ५०० हेक्टोपास्कलचे, म्हणजे याच उंचीवरचे वारे पाहिले की दिशा समजते. मार्च-एप्रिलमध्ये ढग बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, परतीच्या पावसात बहुधा पूर्वेकडून येतात. मेमध्ये वरचा वारा इतका लेचापेचा असतो की दिशा रोजच्या रोज तपासावी लागते.

यावरून रस्ता निवडायचा. पूर्व-पश्चिम सरकणाऱ्या ढगाच्या बाजूने चालायचं असेल तर माजलगाव, पाथरी, परभणी, नांदेड हा रस्ता सोयीचा. आडवं जाऊन त्याच्या वाटेतून बाहेर पडायचं असेल तर सोलापूर-धुळे महामार्ग, म्हणजे तुळजापूर, धाराशिव, येरमाळा, बीड, गेवराई. लातूर-नांदेड रस्ता तिरका असल्यामुळे दोन्हींसाठी चालतो. समृद्धी महामार्ग या कामाला निरुपयोगी आहे. तिथे मध्येच थांबता येत नाही, आणि बाहेर पडायचं तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावं लागतं, तोवर ढग भलतीकडे गेलेला असतो.

जागा अंधार पडण्याआधी ठरलेली असावी. आम्ही प्रत्येक पट्ट्यात तीन-चार ठिकाणं उजेडी पाहून ठेवतो, कारण रात्री पहिल्यांदा पाहिलेल्या ठिकाणी विजेची तार, विहीर आणि चर यांपैकी काहीच दिसत नाही. मांजरसुंब्याच्या बाजूने बालाघाटाच्या उत्तरेकडच्या कडेवर आलं की खाली गोदावरीचं खोरं पसरलेलं दिसतं, उत्तरेचा ढग तळापासून माथ्यापर्यंत नजरेत येतो. नाथसागर आणि मांजरा धरणाच्या जलाशयाकाठी प्रतिबिंब मिळतं, पण धरणाच्या भिंतीवर आणि आवारात परवानगीशिवाय जाऊ नये. दौलताबादचा किल्ला लांबून, मैदानातून घ्यावा. बीड आणि धाराशिवच्या पठारावरच्या पवनचक्क्या फ्रेममध्ये फार शोभतात, त्यांच्या माथ्यावरचे लाल दिवे लांब एक्स्पोजरमध्ये ठिपक्यांची माळ सोडतात. त्या मात्र चार-पाच किलोमीटरवरच असाव्यात, त्यांच्या पायथ्याशी आपण नको.

उन्हाळ्यात नांगरून पडलेली काळी रानं फोटोत काहीच देत नाहीत. काळी माती उजेड गिळते आणि खालचा अर्धा फोटो कोरा काळा येतो. म्हणून पुढ्यात उजळ काहीतरी लागतं. चुन्याने रंगवलेलं देऊळ, पाणी असलेलं शेततळं, सिमेंटची पाण्याची टाकी, नाहीतर वळणावळणाचा रस्ता. गावाच्या दिव्यांवर भिस्त ठेवू नये. वादळाचा वारा सुटला की फीडर बंद होतो आणि एकामागून एक गावं अंधारात जातात. दिवे असतानाचे दोन-चार फोटो सुरुवातीलाच काढून ठेवले तर पुढे उपयोगी पडतात.

काळ्या मातीचा दुसरा त्रास पायाखाली. पाणंदीवर गाडी घालायचीच नाही. दहा मिनिटांचा पाऊस झाला की चिखल चाकाला थरावर थर धरतो, मोटारसायकलचं चाक मडगार्डमध्ये अडकून फिरत नाही आणि मोटार जागच्या जागी रुतते. गाडी डांबरीच्या कडेला, मुरमावर, तोंड परतीच्या दिशेने करून उभी करायची. परतीच्या रस्त्यात फरशी पूल असेल तर ती जागा बाद. वरच्या अंगाला पाऊस झाला तर आपल्याकडे थेंब न पडताही ओढ्याला लोंढा येतो, आणि रात्री पुलावरच्या पाण्याची खोली कळत नाही.

रस्त्याकडेला रात्री स्टँड लावून माणसं उभी दिसली की कुणीतरी दुचाकी थांबवतंच. "काय करायलात हो इथं?" असा प्रश्न येतो. चोऱ्यांमुळे गावं जागी असतात, राग मानायचं कारण नाही. संध्याकाळीच गावातल्या पोलीस पाटलाला किंवा जवळच्या शेतकऱ्याला सांगून ठेवावं, ओळखपत्र जवळ असावं. त्याच माणसांकडून आभाळाची खबरही मिळते, पलीकडच्या शिवारात गारा पडल्याचं त्यांना ॲपच्या आधी कळलेलं असतं.

आता अंतराविषयी, कारण सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. विजेपासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर मिळतात. गडगडाट साधारण १५ किलोमीटरपर्यंतच ऐकू येतो. म्हणजे २० किलोमीटरवर आम्ही काम करतो तेव्हा समोर आभाळ पेटलेलं असतं आणि कानावर फक्त रातकिडे. पहिला गडगडाट ऐकू आला की आम्ही मोजतो, आणि ३० सेकंदांच्या आत आला तर माणसं गाडीत. वीज पावसाच्या कडेपासून दहा-पंधरा किलोमीटर बाहेरही पडू शकते, डोक्यावर चांदण्या असतानाही. कॅमेरा बाहेर राहिला तरी चालेल, आपण नाही.

अंतराचा संबंध लेन्सशीही आहे. तळ पावणेतीन किलोमीटरवर आणि ढग २० किलोमीटरवर असेल तर ढगाखालची वीज क्षितिजापासून जेमतेम ८ अंश उंच दिसते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स आडवी धरली तर उभा कोन ५३ अंशांचा, म्हणजे वीज फोटोच्या सातव्या हिश्शात मावते आणि दोऱ्याएवढी दिसते. ५० मिलिमीटरवर हाच कोन २७ अंश, वीज पाव हिस्सा व्यापते. त्यामुळे जमिनीवर पडणारी वीज हवी असेल तर ५० ते ७० मिलिमीटर, आणि १४ किलोमीटर उंच माथ्यासह अख्खा ढग हवा असेल तर २४ ते ३५. क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर हेच आकडे दीडने भागून घ्यावेत. १४ मिलिमीटरची अतिरुंद लेन्स घेऊन जो निघतो त्याला वीज मोठी दिसावी म्हणून ढगाखाली जावंसं वाटतं. हा मोह जीवघेणा आहे.

आता कॅमेरा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचा नाही, पाय पूर्ण फाकवायचे, पिशवी टांगली तर तिचा तळ जमिनीला टेकलेला हवा, नाहीतर वाऱ्यात तीच झुलते आणि फोटो हलतो. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवायचा, कारण तेजस्वी विजेचं भूत त्यात उमटतं. हूड मात्र लावायचं. स्थिरीकरण बंद. फॉरमॅट रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल. लांब एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शन आठवणीने बंद करायचं. ते चालू असेल तर २० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद स्वतःशी काम करत बसतो, आणि निम्म्या विजा त्या काळात पडतात.

फोकस हाताने. ऑटोफोकस अंधारात मागेपुढे होत राहतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये दोन-तीन किलोमीटरपलीकडचा एखादा दिवा दहापट मोठा करायचा, रिंग फिरवत तो ठिपका सर्वांत बारीक होईल तिथे थांबायचं आणि रिंगवर कागदी टेप चिकटवायची. रिंग पार शेवटपर्यंत फिरवली की अनंतावर फोकस होतो असं समजू नये. बहुतेक लेन्स अनंताच्या थोड्या पुढे जातात आणि सगळे फोटो मऊ येतात. वादळाचा गार वारा आल्यावर तापमान दहा-बारा अंशांनी उतरतं, त्यानंतर फोकस पुन्हा एकदा तपासावा. एसीतून काढलेल्या थंड कॅमेऱ्यावर बाहेरची दमट हवा लागली की काच धुरकटते. जागेवर पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा उघड्या ठेवल्या की हा त्रास होत नाही.

एक्स्पोजरमध्ये एक गोष्ट नीट समजली की बाकी सोपं आहे. एका विजेचा खेळ अर्ध्या सेकंदाच्या आत आटपतो. त्यात बहुधा तीन-चार झोत एकाच वाटेने लागोपाठ जातात, म्हणून ती थरथरल्यासारखी दिसते. शटर दहा सेकंद उघडं असो की तीस, विजेचा उजेड तेवढाच. तो ठरतो फक्त ॲपर्चर (लेन्सचं भोक) आणि आयएसओवर (सेन्सरची संवेदनशीलता). शटरचा वेळ ठरवतो तो आभाळ, गावचे दिवे, चांदणं, म्हणजे विजेखेरीज बाकी सगळं. त्यामुळे वीज जास्त पांढरी येत असेल तर ॲपर्चर लहान करायचं, आणि परिसर काळा येत असेल तर शटर वाढवायचं.

आयएसओ १०० धरून १० ते १५ किलोमीटरसाठी एफ/८, १५ ते ३० साठी एफ/५.६, आणि त्यापलीकडे एफ/४ किंवा एफ/२.८ करून आयएसओ २०० ते ४००. हवेत धूळ असेल तर अर्धा स्टॉप उघडावं. शंका असेल तर मात्र लहान ॲपर्चरच्या, म्हणजे एफच्या मोठ्या आकड्याच्या बाजूने राहावं. थोडी अंधारी आलेली वीज रॉमधून उजळता येते, जळालेली परत येत नाही. विजेची खरी वाट काही सेंटिमीटर जाडीची असते. फोटोत ती दोरखंडासारखी जाड दिसली तर तो जास्त उजेडाचा फुगवटा समजावा.

शटर १५ ते २० सेकंदांपासून सुरू करायचं. मिनिटाला दहा-बारा वेळा चमकत असेल तर ६ ते ८ सेकंदांवर यायचं, नाहीतर एका फोटोत चार-पाच चमका साठून ढग पांढराफटक होतो आणि त्यात जमिनीवर पडलेली वीज हरवते. एकूण विजांपैकी साधारण तीन-चतुर्थांश ढगातल्या ढगातच चमकतात, हे लक्षात ठेवून संयम ठेवावा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, ४००० केल्विनच्या आसपास पक्का करावा, म्हणजे सगळे फोटो एका रंगाचे राहतात.

बोटाने बटण दाबून वीज सापडत नाही. दिसली म्हणेपर्यंत ती संपलेली असते. इंटरव्हॅलोमीटर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायला लावणारा टायमर, लावून कॅमेरा सलग चालू ठेवायचा. इथे एक खोच आहे. २० सेकंदांच्या फोटोसाठी मध्यांतर २० नव्हे, २१ किंवा २२ सेकंद द्यावं लागतं, नाहीतर कॅमेरा आधीच्या फोटोत गुंतलेला असताना पुढचा इशारा येतो, तो चुकतो आणि एकाआड एक फोटो गळतो. वायरचा रिमोट असेल तर कॅमेरा कंटिन्युअसवर टाकून बटण अडकवून ठेवणं सर्वांत सोपं. दोन्ही प्रकारांत आपण गाडीत बसू शकतो, हा खरा फायदा. २० सेकंदांच्या हिशोबाने तासाला पावणेदोनशे फोटो, म्हणजे रॉचे पाच जीबीच्या आसपास. ८ सेकंदांवर आलात तर तासाला चारशे, म्हणजे अकरा-बारा जीबी. ६४ जीबीचं कार्ड आणि दोन भरलेल्या बॅटऱ्या पुरतात.

यानंतर वारा येतो. तो पावसाच्या किती पुढे येईल सांगता येत नाही, दहा-पंधरा किलोमीटरही पुढे असतो. आधी हवा अगदी पडते. बाभळीचं पान हलत नाही, मानेवर घाम येतो. मग क्षितिजाजवळचे दिवे तांबूस होऊन विझल्यासारखे दिसतात. ते विझलेले नसतात, मधे धूळ आलेली असते. पुढच्या दोन-तीन मिनिटांत गार झोत अंगावर येतो, त्याला ओल्या मातीचा वास असतो, आणि कोरड्या रानातली सगळी धूळ आणि पाचट रस्त्यावरून वाहू लागतं. वळवात तळ उंच असतो, पाऊस खाली येताना बराचसा वाफ होऊन जातो आणि हवेला गार करतो, म्हणून हा झोत इतका जोरकस. दिवे तांबूस दिसले की कॅमेरा उचलायचा. झोत येईपर्यंत थांबलं तर ट्रायपॉड आडवा होतो आणि लेन्सच्या रिंगमध्ये रेती शिरते, ती काढायला दुकानात जावं लागतं.

गाडी हवी ती लोखंडी टपाची, काचा वर. आत बसून धातूला हात लावायचा नाही, चार्जरची वायर हातात धरायची नाही. मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर, कापडी टपाची जीप यांत कसलंही संरक्षण नाही. झाडाखाली तर नाहीच. रानातला लिंब किंवा आंबा हाच शेतकऱ्याचा नेहमीचा आडोसा, आणि तिथेच माणसं दगावतात. शेतातल्या आखाड्यावरचं पत्र्याचं शेड, गुरांचा कोठा, एसटीचा निवारा, देवळाचा उघडा सभामंडप, हेसुद्धा सुरक्षित नाहीत. पक्क्या भिंतींचं, दारं-खिडक्या लागणारं घर किंवा बंद मोटार, एवढेच दोन आडोसे खरे. तारेचं कुंपण, मोटरची पेटी, लोखंडी पाइपलाइन यांपासून लांब राहावं, वीज दूर पडली तरी त्यांतून वाहत येते. कुणावर वीज पडली तर त्याच्या अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावता येतो. श्वास आणि नाडी नसेल तर छाती दाबायला ताबडतोब सुरुवात करावी आणि १०८ ला फोन करावा. बंद पडलेलं हृदय अशा वेळी चालू होऊ शकतं, म्हणून वाट पाहत बसू नये.

पाऊस ओसरला की लोक बाहेर येतात. आम्ही अर्धा तास हलत नाही, शेवटच्या गडगडाटापासून मोजून. वादळाच्या शेपटीतच सर्वांत जबर विजा येतात. ढगाच्या वरच्या, ऐरणीसारख्या पसरलेल्या भागातून निघणारी धन भाराची वीज बहुधा एकाच झोताची, पण जास्त वेळ प्रवाह वाहवणारी असते, आणि मुख्य पावसापासून दूर पडते. याच वेळी वरच्या थरात आडव्या पळणाऱ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्यांच्या विजाही दिसतात. त्या सेकंदभर, कधी जास्तही चालतात. त्या फोटोत अप्रतिम येतात आणि त्यांना रुंद लेन्स लागते, म्हणून १८ किंवा २४ मिलिमीटर या वेळेसाठी राखून ठेवावी. एफ/५.६, आयएसओ २००, १० सेकंद. गाडीत बसून, पुढच्या काचेतून काढले तरी हरकत नाही, काच आतून-बाहेरून पुसलेली हवी आणि डॅशबोर्डवर काळं कापड टाकलेलं हवं.

ज्यांना याहून पुढे जायचंय त्यांनी दूरच्या वादळावर नजर ठेवावी. रात्री उशिरा नागपूरच्या बाजूला मोठं वादळ पसरलेलं असेल आणि हिंगोली-नांदेडकडे आभाळ निरभ्र, तर त्या ढगांच्या वर, ५० ते ९० किलोमीटर उंचीवर लाल स्प्राइट, म्हणजे वादळाच्या वर क्षणभर उमटणाऱ्या लाल चमका, मिळू शकतात. २५०-३०० किलोमीटरवरून ते क्षितिजापासून १० ते २० अंशांवर येतात. एफ/१.८ किंवा २.८, आयएसओ ३२०० ते ६४००, दोन-तीन सेकंदांचे सलग फोटो किंवा सरळ व्हिडिओ. अंधारी रात्र आणि चंद्र नसणं आवश्यक.

घरी निघण्याआधी लेन्सला टोपण लावून त्याच आयएसओ आणि त्याच शटरवर चार-पाच फोटो काढायचे. उन्हाळ्यात रात्रीही सेन्सर तापलेला असतो आणि लांब एक्स्पोजरमध्ये लाल-निळे ठिपके येतात. हे काळे फोटो संगणकावर मूळ फोटोतून वजा केले की ठिपके जातात. नॉइज रिडक्शन बंद ठेवल्याची भरपाई अशी होते.

पाच-सहा विजा एकावर एक चढवून केलेला फोटो करायला हरकत नाही, संगणकावर लाइटन मोडमध्ये (प्रत्येक फोटोतला उजळ भाग तेवढा ठेवणारी पद्धत) तो पाच मिनिटांत होतो. पण खाली लिहावं: इतक्या मिनिटांतले इतके फोटो एकत्र. तसं न लिहिता तो एका क्षणाचा म्हणून दाखवणं आम्हाला पटत नाही. पाहणाऱ्याला वीज खरी कशी पडते हे चुकीचं कळतं. प्रत्येक चांगल्या फोटोसोबत वेळ, दिशा, अंदाजे अंतर आणि ॲपर्चर लिहून ठेवावं. पुढच्या वळवात त्याच शिवारात उभं राहिल्यावर हाच कागद कामी येतो.

सामान घरी आल्यावर लगेच डब्यात कोंबू नये. कॅमेरा आणि लेन्स पंख्याखाली तासभर मोकळी ठेवून मग सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री ओल्या फडक्याने पुसावेत. काळी माती एकदा सांध्यांत वाळली की क्लिपा उघडत नाहीत.